विहिरीतला दगड आणि परीक्षेतलं गणित

(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात आपल्या मंडपात विद्यार्थी व पालकांसमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या मंडपात दरवर्षी भजन होतं, कीर्तन होतं, रांगोळीची स्पर्धा होते. यंदा मंडळाच्या पोरांनी मला गाठलं आणि म्हणाले, "काका, दहावी-पीयूसीच्या मुलांसाठी काहीतरी बोला." मी काही प्राध्यापक नाही. सिव्हिलचा डिप्लोमा केलेला, राज्य सरकारच्या नोकरीत असलेला, टेप आणि मोजमापाची वही घेऊन साइटवर फिरणारा माणूस आहे. पण एक विषय असा आहे की त्यानं मला एकदा चांगलंच आपटलं होतं. त्याच विषयावर बोलायचं ठरवलं. विषय आहे वरून खाली पडणाऱ्या वस्तूचा. पुस्तकात त्याला 'मुक्त पतन' म्हणतात.

सुरुवात आमच्या विहिरीपासून करतो.

माझे वडील चौथी शिकलेले. उन्हाळा लागला की ते विहिरीच्या काठावर उभे राहून एक खडा आत सोडायचे आणि कान देऊन ऐकायचे. खाली 'डुबुक' झालं की म्हणायचे, "पाणी सहा परसावर गेलं." एक परस म्हणजे साधारण सहा फूट. मी दोर सोडून मोजायचो. एखाद-दुसऱ्या हाताचा फरक सोडला तर त्यांचा अंदाज बरोबर निघायचा. खडा सोडल्यापासून आवाज येईपर्यंतचा वेळ त्यांच्या कानात बसला होता. त्यांना सूत्र माहीत नव्हतं, पण गणित येत होतं.

आणि मी, त्यांचा मुलगा, डिप्लोमाच्या पहिल्या वर्षी याच गणितात नापास झालो.

मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलो. डिप्लोमाला गेलो आणि एका दिवसात सगळं इंग्रजी झालं. परीक्षेत प्रश्न होता तो आजही पाठ आहे. मराठीत सांगतो. २५ मीटर उंच इमारतीच्या गच्चीवरून एक दगड सरळ वर, सेकंदाला २० मीटर या वेगानं फेकला. तो इमारतीच्या पायथ्याशी जमिनीवर किती वेळानं पडेल? गुरुत्व त्वरण १० धरा.

मी सूत्र बरोबर लिहिलं. आकडे भरले. अंतर २५, वेग २०, त्वरण उणे १०. वर्गसमीकरण आलं. सोडवायला गेलो तर वर्गमुळाच्या चिन्हाखाली उणे चार! उणे संख्येचं वर्गमूळ कुठून काढणार? मी खोडलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा उणे चार. अर्धा तास त्यात गेला, पुढचे दोन प्रश्न राहिले आणि चार गुणांनी विषय राहिला. तेव्हा मनात एकच आलं, "आपण मराठी माध्यमाचे, हे आपल्याला जमणारं नाही." माझ्याबरोबरच्या एका मित्राला तर हे इतकं पटलं की तो त्याच वर्षी शिक्षण सोडून घरी आला. माझ्यापेक्षा तो हुशार होता.

नेमकं काय चुकलं होतं ते मला सहा महिन्यांनी कळलं. ते आज तुम्हाला आधीच कळावं, एवढ्यासाठी मी इथं उभा आहे.

आधी वस्तू पडते म्हणजे काय होतं ते पाहू. हातातून खडा सोडला. पहिल्या क्षणी त्याचा वेग शून्य. पृथ्वी त्याला ओढत असते, म्हणून दर सेकंदाला त्याचा वेग सेकंदाला ९.८ मीटरनं वाढतो. आपण हिशेबाला सोपं म्हणून १० धरू. एका सेकंदानंतर वेग १०, दोन सेकंदांनंतर २०, तीननंतर ३०. दर महिन्याला ठरावीक रकमेनं पगार वाढत जावा तसं हे आहे.

आता अंतर पाहा. पहिल्या सेकंदात वेग शून्यापासून दहापर्यंत गेला, म्हणजे सरासरी पाच. म्हणून पहिल्या सेकंदात ५ मीटर पडला. दुसऱ्या सेकंदात वेग दहापासून वीसपर्यंत, सरासरी पंधरा, म्हणून १५ मीटर. तिसऱ्यात २५, चौथ्यात ३५. पाचानं भाग दिला तर एक, तीन, पाच, सात. विषम संख्यांची ही ओळ गॅलिलिओ या इटालियन शास्त्रज्ञाला चारशे वर्षांपूर्वी सापडली. सरळ पडणारी वस्तू मोजायला फार वेगानं जाते, म्हणून त्यानं उतरत्या फळीवरून गोळी सोडली आणि भांड्यातून बारीक धारेनं पडणारं पाणी तोलून वेळ मोजली. हातात घड्याळ नसताना केलेलं हे काम १६३८ साली त्याच्या पुस्तकात छापून आलं.

आणि एकूण अंतर? एका सेकंदात ५, दोन सेकंदांत २०, तीन सेकंदांत ४५. वेळ दुप्पट झाली की अंतर चौपट, तिप्पट झाली की नऊपट. म्हणून सूत्रात वेळेचा वर्ग येतो. तो कुणी वरून आणून चिकटवलेला नाही. आता वडिलांची विहीर घ्या. सहा परस म्हणजे ३६ फूट, साधारण ११ मीटर. तेवढं पडायला खड्याला दीड सेकंद लागतो. आवाज वर यायला लागणारा वेळ सेकंदाच्या तिसाव्या भागाइतका, कारण आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. तो सोडून दिला तरी चालतं. वडील दीड सेकंद कानानं ओळखत होते.

"पण काका, जड वस्तू आधी पडते ना?" हा प्रश्न दर वेळी येतो. हे पाहा, माझ्या हातात वहीची दोन पानं आहेत, एकाच वहीची, सारख्याच वजनाची. एक तसंच ठेवतो, दुसऱ्याचा बोळा करतो. आता दोन्ही एकदम सोडतो. पाहिलंत? बोळा आधी पडला. वजन तर सारखंच होतं. मग फरक कुणी केला? हवेनं. हवा नसती तर दोन्ही बरोबर पडली असती. २ ऑगस्ट १९७१ रोजी अपोलो १५ मोहिमेतल्या डेव्हिड स्कॉट या अंतराळवीरानं चंद्रावर उभं राहून एका हातातून हातोडा आणि दुसऱ्या हातातून ससाण्याचं पीस सोडलं. चंद्रावर हवा नाही. दोन्ही एकाच वेळी खाली टेकले. म्हणून गणितात 'दोन किलोचा दगड', 'पाच किलोचा गोळा' असं दिलं असलं आणि हवेचा अडथळा धरू नका असं म्हटलं असलं, तर ते वजन विसरा. तुम्हाला चकवण्यासाठी ते दिलेलं असतं.

आता माझ्या चुकलेल्या गणिताकडे येऊ. असं कुठलंही गणित आलं की सूत्राला हात लावायच्या आधी चार गोष्टी करायच्या.

पहिली, चित्र काढायचं. इमारतीची एक उभी रेघ, गच्चीवर एक टिंब, खाली जमीन. दगड वर जातो, थांबतो, परत गच्चीच्या बाजूनं खाली येतो आणि जमिनीवर पडतो. एवढं काढलं तरी निम्मं गणित सुटतं.

दुसरी, दिशा ठरवायची. वर ते अधिक, खाली ते उणे. खालची दिशा अधिक धरली तरी चालेल, पण एकदा ठरवली की शेवटपर्यंत तीच. अर्ध्या गणितात पक्ष बदलायचा नाही.

तिसरी, पाच गोष्टींची यादी करायची. सुरुवातीचा वेग, शेवटचा वेग, त्वरण, विस्थापन आणि वेळ. या पाचांपैकी तीन कळल्या की उरलेल्या दोन निघतात. ज्या गोष्टीची माहितीही नाही आणि गरजही नाही, ती ज्या सूत्रात नाही ते सूत्र घ्यायचं.

चौथी, उत्तर आलं की चित्राशेजारी ठेवून पाहायचं की हे खरं वाटतं का.

आता माझी यादी करा. सुरुवातीचा वेग वर आहे, अधिक २०. त्वरण खाली आहे, उणे १०. दगड वर जात असताना, टोकाला असताना आणि खाली येताना, तिन्ही वेळा उणे १०. आणि विस्थापन? इथंच मी घसरलो. विस्थापन म्हणजे दगड किती फिरला ते नव्हे. निघाला तिथून शेवटी कुठं पोचला ते. निघाला गच्चीवरून, पोचला जमिनीवर, म्हणजे २५ मीटर खाली. खाली म्हणजे उणे. उणे २५! मी नुसतं २५ लिहिलं होतं.

सूत्र असं आहे: विस्थापन = सुरुवातीचा वेग × वेळ + अर्धा × त्वरण × वेळेचा वर्ग. आकडे घाला. उणे २५ = २० × वेळ − ५ × वेळेचा वर्ग. पाचानं भागून एका बाजूला आणलं की, वेळेचा वर्ग − ४ × वेळ − ५ = ०. याची दोन उत्तरं येतात, ५ आणि उणे १. दगड पाच सेकंदांनी जमिनीवर पडेल. झालं!

चित्राशी ताडून पाहा. वेग २०, दर सेकंदाला १० नं कमी होणार, म्हणजे दोन सेकंदांत दगड टोकाला, गच्चीच्या वर २० मीटर. तिथून जमीन ४५ मीटर खाली. ४५ मीटर पडायला तीन सेकंद, हे आपण आत्ताच पाहिलं. दोन आणि तीन पाच. जुळलं.

आणि ते उणे १? माझे एक सर म्हणायचे, "उणे उत्तर खोडा, पण आधी ते काय सांगतं ते ऐका." ते सांगतं की हाच दगड एक सेकंद आधी जमिनीवरून फेकला असता, तर तो गच्चीपाशी येताना नेमका २० च्या वेगानं आला असता. किती वेगानं फेकावा लागला असता? ३० च्या. आणि आपला दगड जमिनीवर पडताना त्याचा वेग किती? २० उणे ५०, म्हणजे ३०, खालच्या दिशेनं. वर जातानाचा आणि खाली येतानाचा हिशेब असा चोख जुळतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मी २५ च्या आधी उणे लावलं नाही तेव्हा समीकरणानं उणे चाराचं वर्गमूळ दाखवलं. मला वाटलं मी मूर्ख आहे. खरं पाहिलं तर समीकरण मला प्रामाणिक उत्तर देत होतं. मी नकळत विचारलं होतं, "दगड गच्चीच्या वर २५ मीटरला केव्हा पोचेल?" दगड तर २० मीटरच्या वर जातच नाही. समीकरण म्हणत होतं, "बाबा रे, कधीच नाही." माझं गणित चुकलं नव्हतं, माझं वाचन चुकलं होतं. आणि मी त्याचा दोष माझ्या भाषेला दिला.

माझ्याकडे अधूनमधून मुलं वही घेऊन येतात. त्यांच्या चुकाही वाचनातल्याच असतात. तीन चुका सांगतो.

एक, चेंडू वर टोकाला पोचला की त्याचा वेग शून्य होतो, म्हणून मुलं त्वरणही शून्य लिहितात. त्वरण शून्य झालं असतं तर चेंडू तिथंच लटकून राहिला असता! तो खाली येतो याचा अर्थच असा की पृथ्वीनं ओढणं एक क्षणही थांबवलेलं नाही.

दोन, जमिनीवर पडल्यावर दगड थांबतो म्हणून शेवटचा वेग शून्य लिहितात. आपलं गणित जमिनीला टेकण्याच्या क्षणी संपतं. टेकल्यानंतरची गोष्ट जमिनीची.

तीन, चेंडू वर फेकून परत हातात आला, तर विस्थापन किती? मुलं वर-खाली मिळवून दुप्पट लिहितात. जिथून निघाला तिथंच आला, म्हणून विस्थापन शून्य.

इंग्रजी प्रश्नातले शब्दही असेच ओळखून ठेवा. 'ड्रॉप्ड' किंवा 'फ्रॉम रेस्ट' दिसलं की सुरुवातीचा वेग शून्य. 'मॅक्सिमम हाइट' दिसलं की शेवटचा वेग शून्य. 'व्हर्टिकली अपवर्ड' म्हणजे सरळ वर. 'जस्ट बिफोर' म्हणजे टेकायच्या आधी. या शब्दांत आकडे लपलेले असतात. अशी वीस-पंचवीस शब्दांची यादी वहीच्या मागच्या पानावर करा, समोर मराठी अर्थ लिहा, आणि प्रश्न आला की आधी मनात मराठीत सांगा, मग इंग्रजीत लिहा. इंग्रजी आलंच पाहिजे, कन्नडही आलं पाहिजे, त्याशिवाय इथं गत्यंतर नाही. पण समजून घ्यायचं काम ज्या भाषेत घरी जेवता-भांडता त्या भाषेत करायला लाज कसली? शेजारच्या कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर जगभर गुरुत्वाकर्षणावरच्या संशोधनासाठी ओळखले गेले, आणि त्यांनी विज्ञान मराठीत लिहिलं. ज्या कडोलीत दरवर्षी मराठी साहित्य संमेलन भरतं, त्या गावातल्या पोरांना विज्ञान मराठीत विचारायला संकोच वाटू नये.

आता घरी करायला एक गणित देतो. आपल्या शिवाराजवळून वाहणारी मार्कंडेय नदी पुढं गोडचिनमलकीला कड्यावरून उडी घेते. पहिली उडी सुमारे २५ मीटरची. तिकडं घटप्रभेचा गोकाकचा धबधबा सुमारे ५२ मीटरचा, म्हणजे दुपटीहून थोडा जास्त. मग गोकाकला पाणी दुप्पट वेगानं आदळतं का? काढून पाहा. हवेचा अडथळा सोडला तर गोडचिनमलकीला पाण्याला सव्वादोन सेकंद लागतात आणि वेग ताशी ८० किलोमीटर होतो. गोकाकला सव्वातीन सेकंद आणि ताशी ११५. उंची दुप्पट झाली तरी वेग दुप्पट होत नाही, साधारण दीडपटीच्या आसपास राहतो. का, ते सूत्रातल्या वर्गाला विचारा. पुढच्या पावसाळ्यात सहलीला गेलात की फोटो काढाच, पण पाण्याचा एक पुंजका नजरेनं धरून 'एक, दोन, तीन' असं मोजूनही पाहा.

शेवटी मोठ्या माणसांसाठी दोन शब्द बोलतो आणि थांबतो.

माझ्या खिशात शंभराची नोट आहे. इकडं ये बाळ. नोटेच्या मधोमध, दोन्ही बाजूंना बोटं ठेव, पण लावू नको. मी सोडल्यावर पकड. पकडलीस तर तुझी. ...नाही जमलं. पुन्हा ये. ...नाहीच. हसू नका, तुम्हालाही जमणार नाही. नोट साधारण १४ सेंटीमीटर लांब, अर्धी म्हणजे ७. ती बोटांतून निसटायला सेकंदाचा आठवा भागही लागत नाही. डोळ्यांनी पाहून बोटं मिटायला माणसाला याहून जास्त वेळ लागतो, साधारण सेकंदाचा पाचवा भाग. माणूस कितीही चपळ असो, नोट आधी जाते.

हे मी का सांगतो? नोकरीच्या सुरुवातीला एका कामावर तिसऱ्या मजल्याच्या परांचीवरून एक वीट निसटली. खाली एक बाई घमेलं घेऊन चालली होती. वरचा गवंडी ओरडला. तिनं आवाज ऐकून वर पाहिलं, आणि वीट खांद्यावर आली. ती वाचली, पण तो हात पुन्हा डोक्याच्या वर गेला नाही. त्या रात्री मी कागदावर आकडे मांडले. उंची १० मीटर, वेळ १.४ सेकंद, वेग ताशी ५० किलोमीटर. गवंड्यानं वीट निसटलेली पाहायची, ओरडायचं, तिनं ऐकायचं, वर बघायचं, मग सरकायचं. एवढं सगळं १.४ सेकंदात बसत नाही. 'ओरडू की' हा भरवसा खोटा आहे, हे मला त्या गणितानं शिकवलं. तेव्हापासून माझ्या साइटवर हेल्मेट आणि खाली जाळी यावर मी हुज्जत घालू देत नाही. लोक म्हणतात, साहेब फार कडक आहेत. साहेब कडक नाहीत, पृथ्वी कडक आहे.

आता वर बघा. या मंडपाचं छत साधारण सोळा फुटांवर आहे. सोळा फूट म्हणजे पाच मीटरला थोडं कमी. तिथून पडणाऱ्या माणसाला खाली यायला जेमतेम एक सेकंद मिळतो आणि तो ताशी ३५ किलोमीटरच्या वेगानं आदळतो. दुचाकीवरून त्या वेगानं जाऊन भिंतीला धडकावं तसं. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी आपलीच पोरं हा मंडप उतरवायला वर चढतील. रात्रभर जागलेली असतील, घाईत असतील. मंडळाला माझी हात जोडून विनंती आहे की त्या दिवशी कमरेला दोर बांधल्याशिवाय कुणालाही वर चढवू नका, आणि वरचं काम चालू असताना लहान मुलांना खाली येऊ देऊ नका. आज जे शिकलो त्याचा हा पहिला उपयोग.

माझे वडील आता नाहीत. विहीर आहे. मी अजून उन्हाळ्यात काठावर उभा राहून खडा सोडतो आणि मोजतो. मुलांनो, तुम्हीही सोडा. पण कठड्यापासून मागं उभं राहून, आणि घरातल्या मोठ्या माणसाला बरोबर घेऊन. खड्याचं पडणं तेच आहे, मग प्रश्नपत्रिका कुठल्याही भाषेत येवो. एकदा ते डोळ्यांसमोर उभं राहिलं की घाबरायचं कारण नाही. आणि उणे चाराचं वर्गमूळ आलंच कधी, तर पेन खाली ठेवू नका. समीकरण काय सांगतंय ते आधी ऐका.

विद्येची देवता आपल्या सर्वांना सद्बुद्धी देवो. गणपती बाप्पा मोरया!